चावडीवरचा १९१४–१९१९ चा दगड : आपली माणसं गेली की नेली?

येरळाकाठ

नमस्कार मंडळी. खटाव तालुक्यातलं आमचं गाव. जुनी चावडी पाडून तिथं ग्रामपंचायतीची नवी इमारत बांधायचं ठरलंय. चावडीच्या दर्शनी भिंतीत, दाराच्या डाव्या अंगाला एक पांढरा संगमरवरी दगड बसवलेला आहे. त्यावर इंग्रजीत कोरलंय की या गावातून २३ माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेली, त्यांतल्या ४ जणांनी प्राण दिले. एवढंच. नाव एकाचंही नाही. पिढ्यान् पिढ्या लोक त्या दगडाला पाठ टेकून बसत आलेत, त्यामुळं खालची ओळ पार गुळगुळीत झालीय. बोटानं चाचपून वाचावी लागते.

मागच्या ग्रामसभेत त्यावरून चांगलीच जुंपली. तरण्या पोरांचं म्हणणं, इंग्रजांच्या गुलामीची खूण आहे, बाकीच्या डबराबरोबर ट्रॉलीत टाका. म्हाताऱ्यांचं म्हणणं, ती आपली माणसं होती, दगडाला हात लावायचा नाही. सरपंचांनी पुढच्या सभेपर्यंत मुदत दिलीय आणि माहिती गोळा करायचं काम माझ्याकडं आलंय.

माझा प्रश्न असा : ही २३ माणसं आपणहून गेली का? शाळेत आपण शिकलो की हिंदी फौज स्वयंसेवी होती, सक्ती नव्हती. पण ज्यानं तालुक्यापलीकडं जग पाहिलं नव्हतं, असा कुणबी तुर्कांशी लढायला आजच्या इराकातल्या बसऱ्याला आपल्या मर्जीनं का जाईल? तुर्कांनी त्याचं काय वाकडं केलं होतं? कुणाच्या घरात, गावात काही ऐकिवात असेल तर कृपया सविस्तर लिहा.

अजिंक्यतारा

कायद्याचं बोलायचं तर सक्ती नव्हती. १९१७ साली इंडियन डिफेन्स फोर्सचा कायदा आला. त्यात सक्ती होती ती हिंदुस्थानात राहणाऱ्या युरोपियन पुरुषांवर. हिंदी माणसाला ऐच्छिक भरती होती. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून जास्त हिंदी माणसं समुद्रापार गेली, सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. दुसऱ्या महायुद्धात आकडा २५ लाखांवर गेला. एवढी माणसं दोरखंडानं बांधून नेता येत नाहीत. दगड ठेवा.

तासगाव_बेदाणा

दगड ठेवा याला अनुमोदन. ‘ऐच्छिक’ याला नाही.

वाघा_घेवडा

@अजिंक्यतारा, कायदा नव्हता हे बरोबर. पण भरती कोण करत होतं ते बघा. सुरुवातीला पलटणीची माणसं गावोगाव फिरून जवान निवडायची. १९१७ मध्ये सेंट्रल रिक्रूटिंग बोर्ड नेमलं, प्रत्येक प्रांताला आकडा ठरवून दिला आणि काम मुलकी अधिकाऱ्यांच्या गळ्यात घातलं. म्हणजे कलेक्टर, त्याच्याखाली मामलेदार, आणि शेवटी गावचा पाटील. शेतसारा वसूल करणारा तोच, तगाईच्या (सरकारी शेतीकर्जाच्या) अर्जावर शेरा मारणारा तोच, आणि पोरगा द्या म्हणून दारात उभा राहणाराही तोच. अशा माणसाला कुणबी ‘नाही’ कसा म्हणेल?

एप्रिल १९१८ मध्ये दिल्लीत युद्धपरिषद झाली. त्यात आणखी पाच लाख माणसांची मागणी झाली. पंजाबात लेफ्टनंट गव्हर्नर ओडवायरच्या अमलाखाली काय चाललं होतं ते काँग्रेसच्या चौकशी समितीनं १९२० च्या अहवालात साक्षींसह मांडलंय. गावागावांवर आकडे लादले, लंबरदारांना (तिथल्या पाटलांना) पद काढून घेण्याच्या धमक्या दिल्या, माणूस दिला नाही तर खोटे खटले भरले. जालियनवाला बागेच्या आधी पंजाब का धुमसत होता याचं एक मोठं कारण ही भरती आहे.

आपल्याकडं पंजाबइतका जोर नव्हता हे मान्य. पण यंत्रणा तीच होती.

माणदेशी_मेंढपाळ

आमच्या मानदेशात पाटलाची बी गरज पडली न्हाई. दुस्काळ पुरला.

आजा सांगायचा, त्येच्या चुलत्यानं मेंढरं इकली, मग वाकळा इकल्या, मग ऱ्हायलंच काय इकायला, तर सोताला. रिक्रूटवाला आला तवा छाती मोजून घेतली आणि त्याच सांजंला पोटभर जेवाय घातलं. आजा म्हनायचा, “चुलता जेवनावर गेला.” ह्येच्यापरीस जास्ती त्यानं कधी सांगितलं न्हाई.

शिपायाला म्हैन्याला ११ रुपये पगार हुता. घरी सावकार बसल्याला. आता तुमीच सांगा ह्याला मर्जी म्हनायचं का काय.

अजिंक्यतारा

@माणदेशी_मेंढपाळ, तुमच्या आज्याच्या चुलत्याबद्दल पूर्ण आदर. पण गरिबीमुळं केलेलं प्रत्येक काम सक्तीचं म्हटलं तर आजही सैन्यात, मुंबईच्या गोदीत, ऊसतोडीला जाणारा प्रत्येक जण सक्तीनं गेला असं म्हणावं लागेल. मग सक्ती ओळखायची तरी कशी?

शिक्षिका_आटपाडी

@अजिंक्यतारा, फरक सांगते. दुष्काळ आभाळातून आला, पण त्यातून बाहेर पडायच्या वाटा कुणी बुजवल्या? १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ लागोपाठ पडले. त्याच काळात प्लेग. तरीही सारा रोखीत आणि ठरल्या तारखेला भरायचा. रोख म्हणजे सावकार. ज्या सरकारच्या साऱ्यापायी घर कर्जात बुडालं, तेच सरकार ११ रुपयांची नोकरी घेऊन आलं. उसतोडीच्या मुकादमाला देशाचा महसूल ठरवायचा अधिकार नसतो. इथं दोन्ही चाव्या एकाच हातात होत्या.

आणि १९१८ सालचं विसरू नका. पाऊस गेला आणि पाठोपाठ इन्फ्लुएन्झा आला. ज्या घरातला धडधाकट गडी बसऱ्याला होता, त्या घरात आजाऱ्याला पाणी द्यायलाही माणूस नव्हता. खुद्द हिंदुस्थान सरकारनं या युद्धासाठी इंग्लंडला दहा कोटी पौंड दिले होते. ते कुणाच्या खिशातले?

निवृत्त_सुभेदार

मी मराठा लाइट इन्फन्ट्रीत २६ वर्षं काढली. चर्चा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कूतला वेढा पडला, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. जनरल टाउनशेंडच्या हाताखाली सहावी पूना डिव्हिजन होती. त्यात आपल्या मराठ्यांच्या तीन पलटणी : १०३, ११० आणि ११७. टायग्रिस नदीच्या वळणात कोंडलेलं गाव, तिन्ही बाजूंना पाणी, चौथ्या बाजूला तुर्कांचे खंदक. अन्न संपत आलं तेव्हा घोडे कापले. आपल्या जवानांनी ते मांस खायला कितीतरी दिवस नकार दिला. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली, तरी बरेच जण तयार होईनात. रोजच्या पिठाचा शिधा मात्र कमी कमी होत गेला. दात हलायला लागले, हिरड्यांतून रक्त, पाय सुजले. आणि त्या अवस्थेत पहारे दिले, खंदक राखले. सुटकेसाठी बाहेरून आलेल्या फौजेचे २३ हजार गडी मेले-जखमी झाले आणि तरी वेढा फुटला नाही. शेवटी सुमारे १३ हजार माणसं शरण गेली. पुढं वाळवंटातून पायी अनातोलियाकडं (आजच्या तुर्कस्तानात) नेलं, रेल्वेच्या कामाला जुंपलं. कितीतरी वाटेतच पडले.

११७ व्या पलटणीला पुढं ‘रॉयल’ हा किताब मिळाला. १०३ म्हणजे आमची जंगी पलटण. तिचा इतिहास नवीन रिक्रूटला बेळगावच्या सेंटरमध्ये आजही शिकवतात.

मला एकच सांगायचंय. तुम्ही त्यांना ‘नेलेली माणसं’ म्हणता तेव्हा त्यांनी तिथं काय केलं ते पुसलं जाऊ देऊ नका. उपाशीपोटी शेजारच्या माणसाला सोडून न पळणं हे त्यांचं स्वतःचं होतं. ते लंडनच्या राजानं दिलेलं नव्हतं.

वाघा_घेवडा

सुभेदारसाहेब, नमस्कार. त्यांच्या धैर्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. राग आहे तो त्यांना कूतमध्ये नेऊन ठेवणाऱ्यांवर. बसऱ्याला तेलाच्या रक्षणासाठी उतरलेली फौज पुरेशी रसद नसताना, बोटी नसताना, औषधं नसताना बगदादच्या दिशेनं रेटली. त्यावर खुद्द ब्रिटनमध्ये मेसोपोटेमिया कमिशन बसलं आणि १९१७ च्या अहवालात त्यानं या कारभाराचे वाभाडे काढले. हिंदुस्थानमंत्री ऑस्टिन चेंबरलेननं राजीनामा दिला. आपल्या माणसांच्या घरी मात्र मनिऑर्डर थांबली, एवढंच कळलं.

सांगलीची_हळद

इथं लिहावं की नको असा विचार करत होते, पण सुभेदारकाकांनी कूत काढलं म्हणून लिहिते.

माझ्या पणजीचे थोरले दीर ११० व्या पलटणीत होते. गाव कडेगावच्या बाजूला. कूत पडल्यावर पत्रं थांबली. मेले असंही कळवलं नाही, जिवंत आहेत असंही नाही. त्यांची बायको, आम्ही तिला आक्काआजी म्हणत आलो, वर्षानुवर्षं कुंकू लावत राहिली. गावातल्या बायका हळदीकुंकवाला तिला बोलवायच्या की नाही यावरून दर संक्रांतीला कुजबुज व्हायची. शेवटी भाऊबंदांनी दर्भाचा पुतळा करून विधी उरकला, कारण जमिनीच्या वाटणीचा खोळंबा झाला होता. ती त्या दिवशी रानात निघून गेली आणि दिवेलागणीपर्यंत आली नाही.

मग बऱ्याच दिवसांनी टपालानं एक पितळेसारखी जड, गोल थाळी आली. वीतभरही नाही. त्यावर हातात त्रिशूळ घेतलेली बाई आणि पायाशी सिंह. घरात इंग्रजी कुणाला येत होतं? सगळ्यांना वाटलं, सरकारनं अंबाबाई पाठवली. आक्काआजीनं ती देव्हाऱ्यात ठेवली. पुढं दोन-तीन पिढ्या तिला हळद-कुंकू वाहिलं, दर सणाला चिंचेनं घासलं. माझ्या वडिलांनी कॉलेजात गेल्यावर ती नीट पाहिली तेव्हा उमगलं की ती ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेली देवी आहे, आणि तिच्या हाताजवळच्या चौकटीत उठावाच्या अक्षरांत आहे ते आक्काआजीच्या मालकांचं नाव. चिंचेनं झिजून ते निम्मं गेलं होतं.

मेलेल्या प्रत्येक शिपायाच्या घरी ब्रिटिश सरकार अशी काशाची थाळी पाठवत असे, हे मला खूप नंतर वाचून कळलं.

थाळी अजून देव्हाऱ्यातच आहे. काढायची कुणाची हिंमत नाही आणि माझी इच्छाही नाही.

माणदेशी_मेंढपाळ

ताई, काय लिवावं कळंना.

मिरज_जंक्शन

@येरळाकाठ, तुमच्या मूळ प्रश्नाला बाहेरून थोडा उजेड मिळतो. हे फक्त सातारा-पंजाबचं नाही.

आपल्याच देशात मणिपूरच्या डोंगरांत १९१७ साली फ्रान्सला पाठवायच्या लेबर कोअरसाठी (मजूर-पलटणीसाठी) माणसं मागितली. कुकी सरदारांनी नकार दिला, इंग्रजांनी गावं जाळली, आणि १९१९ पर्यंत लढाई चालली. १९१७ सालीच ओडिशातल्या मयूरभंज संस्थानात संथाळांनी याच कारणावरून बंड केलं. तुरुंगातले कैदीसुद्धा सोडले नाहीत. शिक्षेत सूट देऊ म्हणून हजारो कैद्यांच्या मजूर-तुकड्या करून मेसोपोटेमियाला धाडल्या.

पूर्व आफ्रिकेत सुमारे दहा लाख माणसं हमाल म्हणून जुंपली. तोफगोळे, पिठाची पोती, सगळं डोक्यावर. तिथली मेलेली माणसं लाखाच्या घरात जातात, लढाईपेक्षा हगवण आणि उपासमारीनं जास्त. फ्रेंचांनी पश्चिम आफ्रिकेत उघड सक्ती केली, तेव्हा १९१५-१६ मध्ये आजच्या बुर्किना फासो-मालीच्या भागात शेकडो गावं उठली. रशियाच्या झारनं जून १९१६ मध्ये मध्य आशियातल्या मुसलमानांना आघाडीमागच्या मजुरीसाठी बोलावलं, आणि तो सगळा मुलूख पेटला. हजारो कझाक-किरगीझ कुटुंबं डोंगर ओलांडून चीनमध्ये पळाली, वाटेत बर्फात मेली.

म्हणजे जिथं नकार द्यायची थोडी तरी ताकद होती, डोंगर होता, पळायला जागा होती, तिथं लोकांनी नकार दिला. खटावच्या सपाट माळावर कुठं पळणार?

अजिंक्यतारा

@मिरज_जंक्शन, माहितीपूर्ण प्रतिसाद. पण तुमच्याच उदाहरणांवरून दिसतं की साताऱ्यात तशी बंडं झाली नाहीत. आणि आपले नेतेही भरतीच्या बाजूनं होते. गांधीजी १९१८ मध्ये खेड्यापाड्यांतून भरतीसाठी खेडा जिल्ह्यात फिरले. टिळकांनीही माणसं देऊ केली होती.

कुंडल_एक्सप्रेस

टिळकांचं अर्धंच सांगितलंत. टिळकांची अट होती : आमच्या माणसाला अधिकारपद द्या, स्वराज्य द्या, मग माणसं मागा. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत त्यांनी हेच बोलायला सुरुवात केली, तेव्हा गव्हर्नर विलिंग्डननं त्यांना अडवलं आणि ते सभा सोडून निघाले. बदल्यात काय मिळालं? १९१९ चा रौलट कायदा आणि जालियनवाला बाग.

फलटण_रोड

धाग्यात अजून एक बाजू आलेली नाही, ती मांडतो.

आमच्या समाजाला या फौजेत जायला बंदी होती. आधी शतकभर आम्ही बॉम्बे आर्मीत होतो. १८९० च्या दशकात ‘लढवय्या जातीं’चं खूळ निघालं आणि महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला, पुढं १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा अर्ज केला. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार होते, निवृत्तीनंतर साताऱ्यात आले, आणि बाबासाहेबांचं नाव ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्याच शाळेत घातलं. फौजेतल्या शाळेनं त्या घरात अक्षर आलं होतं. ती वाट बंद होणं म्हणजे काय, हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे.

मग १९१७ मध्ये माणसं कमी पडायला लागली तसे आम्ही आठवलो. १११ महार ही पलटण उभी केली. युद्ध संपल्यावर दोन-चार वर्षांत मोडली. पुन्हा दुसरं महायुद्ध आलं, पुन्हा आठवण झाली, १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली.

तेव्हा ‘गेली की नेली’ या प्रश्नात आमचं उत्तर तुमच्यासारखं नसतं. आमची माणसं स्वतःहून, अर्ज करकरून गेली. गावात पाणवठ्यावर जायची चोरी होती, पलटणीत बूट घालून चालता येत होतं. यात साम्राज्याचा मोठेपणा काही नाही, त्यांनी आम्हाला गरजेपुरतं घेतलं आणि गरज सरल्यावर घरी धाडलं. पण गावानं आम्हाला कसं ठेवलं होतं हेही त्याच हिशेबात धरा. तुमच्या २३ जणांत महारवाड्यातले किती, ते शोधा. असतील तर नवीन दगडावर त्यांची नावं शेवटी टाकू नका.

येरळाकाठ

@फलटण_रोड, मनापासून आभार. ग्रामसभेत हा मुद्दा कुणीच काढला नव्हता. दोन घरं आहेत असं एका जाणत्या माणसानं आज सांगितलं. त्यांच्याकडं जाऊन बसणार आहे.

शिक्षिका_आटपाडी

@फलटण_रोड, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी वर साऱ्याचं आणि सावकाराचं लिहिलं, पण गावातल्या उतरंडीचं लिहिलं नाही. ते जोडल्याशिवाय चित्र पुरं होत नाही.

वारणेचा_वाघ

आता दुसऱ्या महायुद्धावर या की! एकीकडं साताऱ्याची पोरं इटलीत इंग्रजांसाठी लढत होती, आणि त्याच वेळी इकडं नाना पाटलांचं प्रतिसरकार इंग्रजांच्या नाकात दम आणत होतं. १९४३ ते ४६. कुंडल, वाळवा, शिराळा, सगळा पट्टा. सांगलीचा मान पहिला!

अजिंक्यतारा

थांबा, तेव्हा सांगली जिल्हा होता कुठं? सगळा सातारा जिल्हाच. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला, सांगली हे नाव १९६० चं. प्रतिसरकार साताऱ्याचंच.

वारणेचा_वाघ

नानांचं गाव येडेमच्छिंद्र कुठल्या जिल्ह्यात आहे ते आज गुगलवर बघा, मग बोलू. :)

कुंडल_एक्सप्रेस

भांडू नका, नाना दोघांचे. पण वारणेच्या वाघानं चांगला धागा ओढलाय. आमच्या भागात अशी घरं होती की एक भाऊ फौजेत आणि दुसरा भूमिगत. महागाई, कापडाची टंचाई, धान्याची सक्तीची लेव्ही (सरकारी वसुली), सगळं युद्धापायी. फौजेतल्या भावाच्या मनिऑर्डरीवर घर चाले आणि त्याच घरात रात्री प्रतिसरकारच्या तुफान सेनेची पोरं जेवायला येत.

आणि आझाद हिंद सेनेतले शीख जवान प्रतिसरकारातल्या नागनाथअण्णा नायकवडींच्या गटाला बंदुकीचं शिक्षण द्यायला वाळव्याला आले होते. म्हणजे इंग्रजांनीच शिकवलेली कवायत इंग्रजांवर उलटली. १९४६ मध्ये मणदूरच्या चकमकीत किसन अहिर आणि नानकसिंग हुतात्मा झाले. वाळव्याच्या साखर कारखान्याला किसन अहिरांचं नाव आहे. पंजाबातला एक जवान आपल्या डोंगरात पडला आणि आपण त्याला परका मानला नाही. मग बसऱ्याला पडलेला आपला माणूस आपल्याच गावात बिननावाचा का?

संपादक

चर्चा छान चाललीय. सातारा-सांगली मानाची लढाई वेगळ्या धाग्यावर घ्यावी, ही विनंती.

निवृत्त_सुभेदार

कुंडलवाल्यांनी बिननावाचं म्हटलं त्यावरून सांगतो. बसऱ्याला जे स्मारक आहे त्यावर चाळीस हजारांवर माणसांची नोंद आहे. गोऱ्या शिपायाचं नाव कोरलंय. आपल्या अधिकाऱ्यांची नावं कोरलीत. पण साध्या हिंदी शिपायाचं नाव नाही, पलटणीचं नाव आणि खाली मेलेल्यांचा नुसता आकडा. फ्रान्सच्या न्यूव्ह शापेलला मात्र आपल्या जवानांची नावं आहेत, कारण ते युरोपात होतं, लोक बघायला येणार होते. दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांवर नावं आहेत, पण मेलेल्यांचा आकडा बघता ती किती कमी ते लक्षात येईल.

एप्रिल २०२१ मध्ये ही स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशननं स्वतःच्या चौकशीचा अहवाल काढला. किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांची, बहुतांश आफ्रिका आणि मध्यपूर्वेतली, नावानं नोंदच झाली नाही किंवा स्मारकच झालं नाही, असं त्यांनी कबूल करून माफी मागितली. शंभर वर्षांनी.

तुमच्या चावडीवरचा दगड त्याच पद्धतीचा आहे. २३ गेले, ४ मेले. जनावरं मोजतात तसे.

येरळाकाठ

सुभेदारसाहेब, हे वाचल्यापासून डोक्यातून जात नाही. आकडा कोरताना नावं त्यांच्याकडं होती. पगाराच्या वहीत होती, पेन्शनच्या कागदात होती. कोरली नाहीत.

मी आज तालुक्याच्या एका कचेरीत जुने कागद विचारायला गेलो. तिथल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, असले कागद केव्हाच वाळवीनं खाल्ले, आणि नवीन दगडासाठी कुठल्याही योजनेत तरतूद नाही. पैशाचं आम्ही वर्गणीनं बघू. नावं कुठून काढायची ते सांगा.

मिरज_जंक्शन

मेलेल्या चौघांसाठी त्याच कमिशनच्या संकेतस्थळावर शोध घेता येतो. बसऱ्याच्या दगडावर नसलेली कितीतरी नावं तिथल्या यादीत आहेत. पुष्कळ हिंदी शिपायांच्या नोंदीत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. आडनाव टाकून बसू नका, कारण आडनाव बहुतेकदा नसतंच किंवा ओळखू न येण्याइतकं बिघडलेलं असतं. ‘सातारा’ आणि तालुक्याची जुनी इंग्रजी रूपं टाकून बघा. गावाच्या नावाचे तर गोऱ्या कारकुनांनी हाल केलेत, मोठ्यानं वाचून बघितल्याशिवाय कळत नाही.

शिक्षिका_आटपाडी

जिवंत परत आलेल्या १९ जणांसाठी घरोघर फिरावं लागेल. शाळेची पोरं घ्या बरोबर. आमच्या शाळेत आम्ही नववीच्या मुलांना आपापल्या घरी जुन्या बायांना विचारायला सांगितलं होतं. पुरुषांपेक्षा बायांना जास्त ठाऊक असतं, कारण पेन्शन कुणाच्या अंगठ्यावर निघत होती हे त्यांच्या तोंडपाठ असतं.

माणदेशी_मेंढपाळ

मिलिटरी अपशिंग्याला जावा की. त्या एका गावातलं लई गडी पैल्या युद्धात गेलं. तितं घरागनिक फौजी. त्यांनी कसं जपलंय ते बगून या, आणि गावाच्या नावात ‘मिलिटरी’ अभिमानानं लावत्यात.

तासगाव_बेदाणा

अपशिंग्याला गेलात तर आधी कळवा, आम्ही चार जण येतो. जेवणाचं आमच्याकडं.

अजिंक्यतारा

माझं मत सांगतो. कायदेशीर सक्ती नव्हती हे मी अजूनही म्हणेन, कारण पंजाब, मणिपूर आणि साताऱ्यातला फरक पुसला तर तिथं ज्यांची गावं जळली त्यांच्यावर अन्याय होईल. पण वाघा_घेवडा आणि शिक्षिका_आटपाडी यांनी मामलेदार, सारा आणि सावकार यांची जी साखळी दाखवली तिला उत्तर माझ्याकडं नाही. नवीन दगडासाठी माझे २,००० रुपये धरा.

फलटण_रोड

माझेही धरा. मजकूर मराठीत असू द्या.

पुण्यातला_खटावकर

पहिल्यांदाच लिहितोय. येरळाकाठ, तुमचं गाव मी ओळखलं, चावडीच्या दगडावरून. आम्ही तिथलेच, आजोबा गिरणीत नोकरीला मुंबईला गेले आणि मग पुणे. पणजोबा लढाईला गेले होते आणि परत आले एवढं ठाऊक आहे. आईच्या ट्रंकेत एक चांदीचं पदक आहे, राजाचं तोंड असलेलं. चांदी म्हणून बहात्तरच्या दुष्काळात मोडायला काढलं होतं, आजीनं मोडू दिलं नाही. त्यावर पणजोबांचं नाव कुठंच नाही हो. मागं-पुढं दोन्ही बाजू बघितल्या.

निवृत्त_सुभेदार

@पुण्यातला_खटावकर, तोंडावर बघू नका, कडेवर बघा. रुपयाच्या कडेसारखी जी जाडी असते तिच्यावर ठोकलेलं असतं : नंबर, हुद्दा, नाव, पलटण. अक्षरं फार बारीक असतात. पदक घासू नका, चिंच-लिंबू अजिबात लावू नका. कडेवर चिमूटभर पीठ चोळा, जास्तीचं फुंकून टाका आणि उन्हात तिरकं धरा, अक्षरं उठून दिसतील. चारी बाजूंनी फोटो काढून इथं टाका, पलटण कुठं कुठं होती ते मी सांगतो. आणि येरळाकाठ, तुमच्या गावात असंच करायला सांगा. पदकं मोडली नसतील त्या प्रत्येक घरात एक नाव आहे.

येरळाकाठ

उद्या सकाळीच दवंडी देतो. पुण्यातल्या खटावकरांनी नाव टाकलं की वहीत पहिलं तेच लिहीन. @सांगलीची_हळद, आक्काआजींच्या मालकांचं नावही तुमच्या गावातल्या दगडावर नसणार. तुमच्या चावडीवर असा दगड आहे का ते बघून कळवाल?